‘मोटार’ खोडून ‘उजवा हात’

मित्रांनो, मी एक जुना टीपकागदाचा ठोकळा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखा कुणी पाहिला नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगतो. खाली अर्धगोल पोट, त्यावर ताणून बसवलेली टीपकागदाची पट्टी आणि वर धरायला एक मूठ. शाईने लिहिलेल्या ओळीवरून मला डुलवत नेले की ओली शाई मी पिऊन घेतो आणि अक्षर फासत नाही. माझे काम एवढेच.

आपली कहाणी जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. पण मला आधी आठवते ते एक पत्र. ते १९५० सालच्या एप्रिलमध्ये आले आणि जवळजवळ तीन महिने त्याला उत्तर गेले नाही. ते सगळे दिवस ते माझ्या पोटाखाली पडून होते. उत्तर लिहिणे माझ्या हाती नव्हते, कारण मला हातच नाहीत. तरीही ते पत्र मीच बिनउत्तराचे ठेवले, असे मला अजून वाटते. हे वाटणे बरोबर की चूक, ते मला ठरवता आलेले नाही.

आता जन्माचे. हैदराबादेतल्या एका सुताराने सरकारी कचेरीसाठी शिसवी कपाटे केली आणि त्यातून उरलेल्या लाकडाचा मी झालो. कपाटे मोठी दिमाखदार होती. मी उरलेल्या लाकडाचा, हे मला लवकरच कळले आणि ते मनातून कधी गेले नाही. माझी पहिली नोकरी निजाम सरकारच्या एका महसूल दफ्तरात झाली. तिथे सगळा कारभार उर्दूत चाले. बोरूच्या जाड शाईची अक्षरे माझ्यावर उलटी उमटत. मला वाचनाची गोडी तिथेच लागली. पण माझे वाचन अर्धवट. पानाच्या वरच्या ओळी तोवर वाळलेल्या असत, ओल्या राहत त्या शेवटच्या. त्यामुळे मला सह्या, तारखा आणि ‘कळावे’ एवढेच चांगले येते. बाकीचे मी ऐकून जाणतो. ऐकण्यात चूक झाली असेल, तर मित्रांनो, समजून घ्या.

त्या दफ्तरातले मुन्शी मला नावाजत. ‘हा ठोकळा एक नुक्ता फासत नाही,’ असे ते नव्या कारकुनांना सांगत. हे कौतुक मी आजवर जपून ठेवले आहे.

मग ४८ साल आले. सप्टेंबरात फौज आली, राज्य हिंदुस्थानात सामील झाले. दफ्तरातल्या तारखा फसली सनाच्या होत्या, त्या इंग्रजी झाल्या. कागदांवरचा जुना छाप गेला. जुने सामान लिलावात निघाले, त्यात मीही निघालो. एका विमा कंपनीने मला दोन दौती आणि एका मोडक्या खुर्चीबरोबर विकत घेतले. तिची कचेरी आबिड्सला, चष्म्याच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. कंपनीचे नाव सांगत नाही. ती आता नाही आणि मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये.

माझे मेज भगवंतरावांचे होते. ते दाव्यांचे कारकून होते, म्हणजे अपघात झाला की पैसे मागणाऱ्यांचे कागद त्यांच्याकडे येत. पंचेचाळिशीचे, बारीक अंगाचे, खाली बघून बोलणारे गृहस्थ. कागद वाचताना त्यांचे ओठ हलत आणि थोडा आवाजही येई. माझे बरेचसे ज्ञान त्या आवाजावर उभे आहे. काचेच्या पलीकडे शाखेचे मॅनेजर अप्पाराव बसत. ते तेलुगू घरातले, पण कचेरीत दखनी उर्दू बोलत आणि गरज पडली तर मराठीही ओढूनताणून बोलत.

जानेवारीच्या अखेरीस नारायणगुड्याच्या वळणावर एक अपघात झाला. प्रतापराव नावाचे एक वकील आपली मोटार चालवत घरी निघाले होते. समोर म्हैस आली म्हणून त्यांनी चाक वळवले आणि मोटार एका सायकलरिक्षावर गेली. रिक्षावाला उडी मारून वाचला. मागे बसलेल्या बाई खाली पडल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटाशी मोडला. त्यांचे नाव जयवंताबाई. त्यांचे माहेर परभणीकडचे, शेतकरी घरातले. त्या बरकतपुऱ्यात एक खोली घेऊन राहत आणि मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवत.

आठवड्याभराने प्रतापराव कचेरीत आले. मोटारीचा दिवा आणि मडगार्ड दुरुस्त करायला चारशे रुपये खर्च आला होता. कंपनीने अडीचशे मंजूर केले होते.

“अहो भगवंतराव,” ते म्हणाले, “चारशेचं काम आणि हातावर अडीचशे? मी विमा उतरवला की तुम्हाला जकात भरली?”

“साहेब, पॉलिसीत एक्सेसची अट आहे.” भगवंतराव माझ्याकडे बघत म्हणाले. लाजले की ते माझ्याकडे बघत. “पहिले दीडशे मालकाचे. त्याच्या वर जे होईल ते कंपनीचं.”

“पण का? हप्ता तर मी पुरा भरतो.”

“हप्ता कमी बसतो तो त्यामुळेच, साहेब. प्रत्येक ओरखड्यासाठी लोक इथे येऊ नयेत म्हणून अट आहे. आणि... पहिली झळ आपल्याला लागणार हे ठाऊक असलं की माणूस गाडी जपून चालवतो.”

“म्हणजे माझ्या कानाला चिमटा!”

“दीडशेचा, साहेब.”

प्रतापराव मोठ्याने हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “आणि त्या रिक्षातल्या बाई? त्यांना नाही ना हा चिमटा?”

“छे, छे. त्या परक्या. त्यांच्या हाताचा सगळा खर्च कंपनीचा. ही अट तुमच्या गाडीच्या दुरुस्तीपुरती.”

मित्रांनो, त्या पॉलिसीतली अट मला इतक्या स्पष्टपणे कुणी कधी सांगितली नव्हती. दीडशेपेक्षा कमी नुकसान झाले तर कंपनी काहीच देत नाही. जास्त झाले तर दीडशे वजा करून देते. आणि ज्याने पॉलिसी घेतलीच नाही, ज्याला मोटार येऊन धडकली, त्याच्याकडून काही वजा होत नाही. आजच्या पॉलिसीत काय लिहिलेले असते मला माहीत नाही. आपल्या घरची पॉलिसी मोठ्यांनी वाचून पाहावी.

इतके सगळे ठाऊक असूनही चूक झाली, आणि ती अशी झाली.

राज्य सामील झाल्यावर जुन्या छापाचे सगळे फारम रद्द झाले होते. नवे मुंबईहून इंग्रजीत छापून यायचे होते. मोटारमालकांना पाठवायच्या फारमांचा गठ्ठा आला. जखमी माणसांना पाठवायच्या फारमांचा गठ्ठा आलाच नाही. मार्चमध्ये जयवंताबाईंचा कागद पुढे आला, तेव्हा भगवंतराव काचेपलीकडे गेले.

“साहेब, जखमींचं फारम नाही.”

“मालकांका है ना?” अप्पाराव म्हणाले. “उसीमें मोटर काट दो, हाथ लिख दो. कागज बचता, काम बी होता.”

कागद वाचवायची सवय त्या कचेरीत जुनी होती. भगवंतरावांनी छापील ओळीतला ‘मोटार’ हा शब्द खोडला आणि वर शाईने ‘उजवा हात’ असे इंग्रजीत लिहिले. त्या शब्दांवरून मला फिरवले. मी ते छान टिपले, एक अक्षर फासले नाही. त्याच पानावर खाली ‘दुरुस्तीच्या खर्चापैकी पहिले दीडशे रुपये आपण सोसावे’ अशा अर्थाची छापील ओळ होती. छापील ओळ कोरडी असते. ती माझ्यापर्यंत आली नाही. भगवंतरावांना त्या दिवशी तीस फारम काढायचे होते, त्यांनीही ती पाहिली नाही. बिलाच्या कारकुनाने मात्र पाहिली. जयवंताबाईंचा खर्च दोनशे तीस ठरला होता. त्याने दीडशे वजा केले आणि ऐंशीची मनिऑर्डर पाठवली.

मग एप्रिलमध्ये ते पत्र आले. भगवंतरावांनी ते ओठ हलवत वाचले. त्यात लिहिले होते:

‘विमा दफ्तर, आबिड्स, यांस. माझा उजवा हात मोडला आहे, म्हणून डाव्या हाताने लिहिते. अक्षराची माफी असावी. आपल्या कागदात पहिले दीडशे रुपये मी सोसावे असे आहे, हे शाळेच्या मोठ्या बाईंनी वाचून सांगितले. मोटार माझी नव्हती. चालवत मी नव्हते. रिक्षातसुद्धा मी मागे बसले होते. मग पहिले दीडशे माझे कसे, एवढे समजावून सांगावे. आपले ऐंशी पट्टीला आणि औषधाला गेले. हाड वाकडे जुळले आहे. ते पुन्हा बसवायला डॉक्टर बरोबर दीडशे सांगतात. मला कात्री धरता येत नाही. जयवंता.’

भगवंतरावांनी दप्तरातून फारमाची नक्कल काढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. मग ते पत्र घेऊन आत गेले.

“मराठी चिठ्ठी?” अप्पाराव म्हणाले. “इसका तर्जुमा लगा के लाओ.”

“साहेब, मराठी मला येतं. माझी आई मराठीच बोलते.”

“तुम्हारी अम्मा दफ्तर में नौकर है क्या? बैठो.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “देखो भगवंतराव. ऑगस्टमें मुंबईसे इन्स्पेक्शन आरा. जवाब लिखे तो गलती कागजपे आती. फारम मैं बोला, काटे तुम. दोनों जाते. मेरेकू चार बेटियाँ हैं. इन्स्पेक्शन होने दो, फिर लिखेंगे.”

भगवंतराव परत आले. पत्र मेजावर ठेवले आणि त्यावर मला ठेवले. मी वजनाला नव्हतो, मी टिपायला होतो. पण त्या दिवसापासून मी वजन झालो.

मे गेला, जून गेला. भगवंतरावांनी तीन वेळा उत्तराला सुरुवात केली. ‘आपले पत्र मिळाले’ एवढी ओळ होई, मला त्यावरून फिरवीत आणि मग कागद फाडीत. माझ्या पट्टीवर ती ओळ तीन वेळा उमटली, एकीवर एक.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात जयवंताबाई स्वतः आल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, उंच, उन्हातून चालत आलेल्या. उजवा हात पदराखाली होता. अप्पाराव काचेबाहेर आले.

“अम्मा, आपका कागज चल रहा है,” ते म्हणाले.

“चालतंय की बसलंय?” बाईंनी विचारले. “तीन महिने झाले, साहेब. एवढ्यात माणूस परभणीहून पायी येऊन परत गेला असता.”

“कायदा है अम्मा. एक्सेस बोलते उसकू. पहला हिस्सा...”

“पहिला हिस्सा गाडीवाल्याचा. वकीलसाहेबांनी सांगितलं मला. ते भरूनसुद्धा बसलेत. आता माझ्या हाताला तुम्ही गाडीच म्हणत असाल, तर तसं सांगा. नंबराची पाटी लावते, तेल घालते, वर्षाचा टॅक्स भरते.”

कचेरीतले दोघेतिघे हसले. भगवंतराव हसले नाहीत. बाईंचे लक्ष मेजावर गेले. त्यांनी डाव्या हाताने मला उचलले. खाली त्यांचे पत्र होते, कडेला पिवळे पडलेले, मधे माझ्या पोटाएवढे पांढरे.

“हे माझंच ना?” त्या म्हणाल्या. “वाचलंत?”

“वाचलं,” भगवंतराव म्हणाले.

“कळलं नाही?”

“कळलं.”

“मग?”

भगवंतरावांनी माझ्याकडे बघितले, पण मी त्या वेळी बाईंच्या हातात होतो.

“भाऊ, मला आज पैसे नकोत,” जयवंताबाई म्हणाल्या. “डॉक्टर भले आहेत. म्हणाले, कंपनीकडून एक ओळ लेखी आणा की पैसे येणार, मी हात आधी बसवतो. पण महिनाअखेरच्या आत. नंतर हाड पक्कं होईल, मग बोटं मिटायची नाहीत. पंधरा मुली रोज कापड घेऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. तोंडानं किती दिवस शिवण शिकवू? एक ओळ. तीही तुम्हाला जड झाली?”

त्यांनी मला हळूच खाली ठेवले, पत्रावर नाही, बाजूला. आणि त्या जिना उतरून गेल्या.

दुपारी भगवंतरावांनी प्रतापरावांची पॉलिसी काढली आणि अटीचे कलम पुन्हा पहिल्यापासून वाचले. दौतीत टाक बुडवला. या वेळी त्यांनी कागद फाडला नाही. उत्तर मराठीत लिहिले, तर्जुम्याशिवाय. ते काचेपलीकडे नेताना त्यांनी मलाही बरोबर घेतले, कदाचित हाताला काही धरायला हवे म्हणून.

अप्पारावांनी वाचून घेतले. मराठी त्यांना वाचता येत होते, हे त्या दिवशी कचेरीला कळले.

“इन्स्पेक्शन के बाद बोला था मैं.”

“नाही साहेब.” भगवंतरावांच्या तोंडून हे दोन शब्द मी तोवर एकत्र ऐकले नव्हते.

“नौकरी गई तो?”

“मराठी चिठ्ठ्यांचे तर्जुमे करीन. बाजारात एका चिठ्ठीला एक रुपया मिळतो.”

“तुम लिखे, तुम्हारी सही है. मेरी काय को होना?”

“माझ्या सहीवर डॉक्टर हात बसवणार नाहीत, साहेब. शाखेची लागते.”

अप्पारावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चार बेटियाँ हैं बोला ना मैं,” ते पुटपुटले. मग म्हणाले, “धाकटीच्या हातात सुई नीट धरवत नाही अजून.” हे त्यांनी मराठीत का म्हटले, ते मला ठाऊक नाही. त्यांनी सही केली. मला भगवंतरावांच्या हातातून घेतले आणि सहीवरून फिरवले.

मित्रांनो, पुढचे काही आताच सांगून टाकतो, म्हणजे शेवट पत्राने करता येईल. हा क्रम बरोबर आहे की नाही, याची मला खात्री नाही. ऑगस्टमध्ये मुंबईचे तपासनीस आले. त्यांनी फारमाची चूक पाहिली, दोघांची एकेक वर्षाची पगारवाढ रोखली आणि जखमींच्या फारमांचा गठ्ठा पाठवतो म्हणून सांगून गेले. तो दोन वर्षांनी आला. दिवाळीनंतर जयवंताबाईंची दीडशे रुपयांची पोच आली, उजव्या हाताने लिहिलेली. अक्षर डाव्या हातापेक्षा फार सुंदर होते असे नाही.

त्यानंतर लगेच वाळणाऱ्या शाईची पेने आली, मग बॉलपेन आले आणि टिपायला काही उरले नाही. आज मी एका कपाटावर धुळीत आहे. माझी पट्टी पंचवीस वर्षांत कुणी बदललेली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचे काम संपले त्याने बाजूला व्हावे. पण तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या हाती कुणाचे पत्र आले, कुणाचा अर्ज आला, तर त्यावर काही जड ठेवू नका. आणि छापील कागदावर नाव घालण्याआधी शेवटची ओळ वाचा. ती वाळलेली असते, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. पण लागू तीही होते.

आता त्या दिवशीचे. उत्तरात एवढेच होते: ‘आपले १२ एप्रिलचे पत्र वेळेवर मिळाले होते. उत्तराला उशीर आमच्याकडून झाला. पहिल्या दीडशे रुपयांची अट मोटारमालकाला, त्याच्या मोटारीच्या दुरुस्तीपुरती आहे. आपल्या हाताला ती लागू नाही. आपल्याला चुकीचा कागद गेला. उरलेले दीडशे रुपये कंपनी आपले देणे लागते. हे पत्र डॉक्टरांना दाखवावे.’ खाली दोन सह्या होत्या. भगवंतरावांनी घडी घातली, लखोट्यावर बरकतपुऱ्याचा पत्ता लिहिला आणि तो माझ्याकडून टिपून घेतला. कचेरीचे टपाल शिपाई संध्याकाळी नेत असे. भगवंतराव त्याच्यासाठी थांबले नाहीत. टोपी घालायलाही विसरले. खिडकीतून मला रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसे. एक टांगा जाऊ देऊन त्यांनी रस्ता ओलांडला, पेटीवरची टपाल काढायची वेळ वाचली, घड्याळ पाहिले आणि लखोटा आत सोडला.